सुप्त प्रतिमेची अमानत

छायाचित्र टिपणे आणि ते धुऊन प्रकट करणे या दोन क्रियांमधील काळ आपण इतका सहज गृहीत धरतो, की तो मिळवण्यासाठी छायाचित्रणविद्येला तीन दशके खटपट करावी लागली, याचे विस्मरण होते. कोऱ्या भासणाऱ्या कागदात दडलेली प्रतिमा गॅलिक आम्लाच्या योगाने प्रकट होते, हे फॉक्स टॉलबट यांना १८४० साली उमगले. परंतु १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या रीतीत काचेवरील लेप वाळण्यापूर्वीच, म्हणजे १०-१५ मिनिटांत, ती धुवावी लागे. म्हणूनच १८५५ मध्ये क्रिमियाच्या रणभूमीवर गेलेल्या रॉजर फेंटन यांना अंधारखोलीचा सारा सरंजाम घोडागाडीतून न्यावा लागला. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनचा लेप सुचवला आणि दिरंगाईची मुभा मिळण्याचा मार्ग खुला झाला.

त्या मुभेची सर्वांत कठोर कसोटी उत्तर ध्रुवाच्या वाटेवर लागली. ११ जुलै १८९७ रोजी आन्द्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तिघे स्वीडिश प्रवासी स्पिट्सबर्गेनजवळच्या बेटावरून बलूनने निघाले, तीन दिवसांत बर्फावर उतरले आणि दीर्घ पायपिटीनंतर श्वेतद्वीपावर मरण पावले. १९३० साली नॉर्वेजियन जहाजांवरील मंडळींना त्यांचे अवशेष, दैनंदिन्या आणि स्ट्रिंडबर्गने टिपलेल्या फिल्म सापडल्या. त्या स्टॉकहोममध्ये छायाचित्रणतज्ज्ञ जॉन हर्ट्झबर्ग यांच्या सुपूर्द झाल्या, आणि सुमारे २४० चित्रांपैकी ९३ त्यांनी वाचवली. बर्फावर कलंडलेले बलून आणि त्याकडे पाहत उभे असलेले दोघे सहप्रवासी तेहतीस वर्षांनी जगाला दिसले. हर्ट्झबर्ग यांचे ते धीराचे काम मला मोहिमेइतकेच थोर वाटते.

हे शक्य कसे झाले, याची उपपत्ती गर्नी आणि मॉट यांनी १९३८ साली मांडलेल्या सिद्धान्ताच्या आधारे देता येते. प्रकाश पडताच रजतक्षाराच्या कणावर चांदीचे मोजके अणू एकत्र येतात, आणि ती इवलीशी पुंजीच प्रतिमेचे बीज होय. आर्द्रता आणि प्राणवायू तिला हळूहळू पुन्हा विखुरतात, उष्णता त्या ऱ्हासाला वेग देते, आणि नैसर्गिक किरणोत्सर्गाने सर्वत्र धुके चढत जाते. शीत व शुष्क जागा यांपैकी पहिल्या दोहोंना आवर घालते, तिसऱ्यावर मात्र शीतपेटीचाही इलाज नाही.

आपल्या कोकणपट्टीत तर पावसाळ्याची हवाच या पुंजीची वैरी. दादासाहेब फाळके यांनी दादरच्या घरीच फिल्म धुण्याची तजवीज केली होती आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्या कामात राबत, ही गोष्ट या दृष्टीनेही मोलाची आहे. रोल लगेच धुता येत नसेल तर तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, शीतपेटीत ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या उष्णतेला आल्याखेरीज उघडू नये, अन्यथा फिल्मवर दव धरते.

विलंबाचा हेतुपुरस्सर अवलंब करणारेही होते. अमेरिकेतील गॅरी विनोग्रँड टिपतानाचा भावावेग निवडीत डोकावू नये म्हणून रोल दीर्घकाळ न धुता ठेवत. १९८४ साली ते निवर्तले तेव्हा सुमारे २५०० रोल तसेच पडून होते. पुढे ते धुतले गेले आणि त्यांतील काही चित्रे १९८८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मांडली गेली. रोल धुणे सर्वथा उचित होते, असे माझे मत आहे. मात्र जी चित्रे त्यांनी स्वतः पाहिलीच नाहीत, त्यांवर त्यांच्या निवडीचा हवाला देता येत नाही.