हलवा, हळदीकुंकू आणि आमची आत्या

संक्रांत जवळ आली की होस्टेलवर घरून डबे यायला लागतात. त्यात तिळाच्या वड्या असतात, गुळाची पोळी असते आणि एका छोट्या पुडीत काटेरी हलवा असतो. वड्यांचा अर्ध्या तासात फडशा पडतो. हलवा मात्र पुडीतच राहतो, कारण "नुसती साखर तर आहे!" असं प्रत्येकीचं मत. मित्रमैत्रिणींनो, ही नुसती साखर कशी तयार होते हे एकदा कळलं की तुमचं मत नक्की बदलेल. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. क्रिसमसचे चमकीचे तारे करायला शाळेत शिकले, पण हलव्याचे दागिने शिकवले ते आत्याने. थंडीच्या दिवसांत घरातली माणसं जमवून स्वस्तात आणि मजेत समारंभ कसा करायचा, ते या लेखात सांगते. शेवटी एक अवघड मुद्दाही आहे, तो टाळू नका.

हलव्याला काटा कसा येतो?

आधी आपल्या भाषेत बोलू. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण दोन किलो साखर विरघळते, तर १०० अंशांना साडेचार किलोच्याही वर. म्हणजे गरम पाक गार झाला किंवा त्यातलं पाणी उडालं, की जास्तीची साखर बाहेर पडणारच. तिला बसायला एखादा दाणा हवा. हलव्यात तो दाणा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाणा. दागिन्यांसाठी दाणा मोठा हवा, म्हणून साबुदाणा सोयीचा.

कृती अशी. एक वाटी साखरेत अर्धी वाटी पाणी घालून उकळायचं. चमचाभर दूध घातलं की मळी वर येते, ती काढून टाकायची. लिंबाचे दोन-चार थेंब पिळायचे. पाक बोटाला चिकट लागला की पुरे, एकतारीच्या जेमतेम अलीकडे थांबायचं. मग अगदी मंद आचेवर परातीत भाजलेले तीळ घ्यायचे, त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि तो कोरडा होईपर्यंत बोटांनी हलवत राहायचं. मग पुढचा चमचा. सगळी मेख इथेच आहे. घाई करून जास्त पाक ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. थोडा थोडा घातला तर दाण्यावरच्या उंचवट्यांवर साखरेचा थर चढत जातो, उंचवटा वाढतो आणि काटा दिसायला लागतो. हवा कोरडी आणि थंड असेल तर काटा छान येतो. हे काम जानेवारीतच का करतात ते आता लक्षात आलं असेल. आमच्याकडे रोज थोडा वेळ असं करत तीन दिवस लागतात. परातीचा चटका बोटांना बसतो, म्हणून आळीपाळीने बसायचं. गप्पा आपोआप होतात, वेगळे 'गेम्स' शोधावे लागत नाहीत!

दागिने

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालतात: हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा. लहान मुलाला मुकुट, हार आणि बासरी. जावयाच्या हातात हलव्याचा गुच्छ. बाजारात तयार सेट मिळतात, पण घरी करणं अवघड नाही. हलव्याला भोक नसतं, म्हणून सुईत ओवता येत नाही. दुहेरी दोरा घ्यायचा, दोन दोऱ्यांमध्ये दाणा धरायचा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारायची. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. मुकुटासाठी जुन्या खोक्याचा पुठ्ठा, वर काळं कापड आणि कडेला सोनेरी लेस. डिंकाने चिकटवलेला हलवा मुलांना खाऊ देऊ नका, खायचा वेगळा ठेवा. ढगाळ, दमट हवेत हलवा पाघळतो, म्हणून झालेले दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे.

बोरन्हाण आणि खाणं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी बोरन्हाण करता येतं, त्यामुळे सगळ्यांना सोयीचा रविवार निवडा. मुलाला पाटावर बसवून औक्षण करायचं. मग बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा एकत्र करून मापाने हळूच डोक्यावरून ओतायचं. बाकीची पोरं लुटायला टपलेलीच असतात. बाळ वर्षाचं असेल तर शेंगा, हलवा, उसाचे तुकडे त्याच्या तोंडात जाणार नाहीत याकडे एकाने लक्ष ठेवायचं.

खायला मटारची उसळ, पाव आणि मसाला दूध पुरे. मटार या दिवसांत स्वस्त असतो आणि उसळ आदल्या दिवशी करून ठेवता येते. वाणाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे देतात आणि ते प्रत्येकीच्या माळ्यावर साठतात. त्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवा. एका साडीत बऱ्याच होतात आणि भाजीला वापरल्याही जातात.

आता तो अवघड मुद्दा

आमच्या घरचा हलवा आत्या करते. तिच्यासारखा काटा आमच्यात कोणालाच जमत नाही. २०१९ साली तिचे यजमान गेले. त्यानंतरही तीन दिवस परातीपुढे तीच बसायची, गल्लीतल्या मुलांचे मुकुटही तीच करायची. पण हळदीकुंकवाच्या संध्याकाळी बायका यायला लागल्या की ती स्वयंपाकघरात उसळ ढवळत उभी. तिला कोणी "आत जा" म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडत नव्हती. नवरा जिवंत आहे की नाही यावर पाहुणी ठरवायची, हा कुठला हिशोब?

हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं त्यात आलं. पुढे राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव हे करू शकतं, तर एका घराला का जमू नये?

आम्ही छोटे बदल केले. आमंत्रणात 'हळदीकुंकू' ऐवजी 'तिळगूळ समारंभ' लिहिलं. हळदीकुंकवाची कुयरी दाराजवळच्या टेबलावर ठेवली, ज्या बाईला हवं तिने आपल्या हाताने लावावं. तिळगूळ आणि वाण येणाऱ्या प्रत्येकीला. आणि तिळगूळ वाटायला आत्या. आईने तिला आधी विचारलं, कारण माणसाला न विचारता केलेला मानही ओझं होतो. आत्या दोन दिवस "नको गं, उगाच बोलतील" म्हणत राहिली, मग म्हणाली, "मी फक्त हलवा वाटीन."

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. शेजारच्या दोघी आल्या नाहीत. आजी देवघरातून बाहेर आली नाही. पण तळमजल्यावरच्या एक काकू, ज्यांना आमच्याकडे या दिवशी कधीच बोलावणं नसायचं, त्या आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. दुसऱ्या वर्षी आजी बाहेर येऊन बसली. बोलली काही नाही, पण आत्याच्या हातचा हलवा घेतला.

तेव्हा या जानेवारीत घरी गेलात की परात, पुठ्ठा, दोरा यांची जमवाजमव जरूर करा. मुलांनीही परातीपुढे बसा, चटके सगळ्यांच्या बोटांना सारखेच बसतात. पण त्याआधी आमंत्रणाची यादी हातात घ्या आणि ज्यांचं नाव कोणी लिहिलेलं नाही, त्यांच्याकडे स्वतः जाऊन या. रथसप्तमीपर्यंत वेळ असतो.