विश्लेषण : नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी, पण पुसदला पोहोचायचे कसे?

वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री पुसदने राज्याला दिले. नागपूर-तुळजापूर महामार्ग मात्र पुसदमध्ये येत नाही. यवतमाळहून तो आर्णी, महागाव, उमरखेड असा थेट नांदेडकडे उतरतो. पुसदकरांना तो गाठायचा तर गुंजमार्गे महागाव, नाहीतर उमरखेड. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते. पावसाळ्यात त्याचे काय होते, हे 28 सप्टेंबर 2021 रोजी दिसले.

त्या दिवशी काय घडले?

नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी उमरखेडहून पुसदच्या दिशेने जात होती. गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने दहागावचा नाला पुलावरून वाहत होता. बस पाण्यात घातली गेली आणि पुरात वाहून गेली. चालक-वाहकासह चौघांचा मृत्यू झाला.

एवढी जड बस वाहते कशी? बसची लांबी 10 मीटर आणि रुंदी अडीच मीटर धरली, तर पाणी तळाला लागल्यानंतर दर 10 सेंटीमीटरमागे सुमारे अडीच टन उचल मिळते. चाकांची रस्त्यावरची पकड तेवढी कमी होते. आडवा लोंढा बाकीचे काम करतो. म्हणून ‘फक्त गुडघाभर पाणी आहे’ हा अंदाज फसवा ठरतो.

हा रस्ता एक कसा झाला?

राज्य महामार्ग होण्यासाठी आधी राज्य एक असावे लागते, आणि इथे ते नव्हते. पैनगंगेच्या अलीकडे ब्रिटिशांच्या ताब्यातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. पुसदचा कारभारही यवतमाळहून नव्हे, तर वाशीमहून चाले. 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. उमरखेड तेव्हा याच तालुक्यात होते. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठे नागपूर ते तुळजापूर हा सलग रस्ता एकाच सरकारच्या अखत्यारीत आला. उमरखेड तालुक्यात मार्लेगावजवळ तो पैनगंगा ओलांडतो.

दर्जा कोण ठरवतो?

राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड 1943 च्या ‘नागपूर योजने’तली. देशभरातील मुख्य अभियंत्यांची ती परिषद नागपुरातच भरली होती. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. 1956 च्या कायद्यानुसार केंद्राने अधिसूचना काढली की तोच रस्ता राष्ट्रीय होतो. नागपूर-तुळजापूर राज्य महामार्गाचे असेच झाले. आता तो 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा. मूळ मार्ग कल्याण-नगर-परभणी-नांदेड हा 61 क्रमांकाचा.

दर्जा बदलल्याने काय बदलले?

मुख्यतः पैसा. चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने दिले गेले. महागाव-यवतमाळ हा टप्पा सुमारे 80 किलोमीटरचा. पद्धत ‘हायब्रिड ॲन्युइटी’ची, म्हणजे बांधकामाच्या काळात सरकार 40 टक्के रक्कम देते, उरलेले 60 टक्के कंत्राटदार उभे करतो आणि ते त्याला नंतर हप्त्यांनी मिळतात. गावाला जोडणाऱ्या रस्त्यांना हे लागू होत नाही. तिथे पुलाची उंची, काळ्या मातीत खचणारा भराव आणि दरवर्षीची डागडुजी यांचा हिशेब वेगळ्या टेबलावर होतो. दहागावची बस चौपदरी महामार्गावर नव्हती, ती याच फाट्यावरच्या रस्त्याने निघाली होती.

रेल्वेचा पर्याय अजून दूर आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नियोजित मार्ग पुसदवरून जाणार आहे. 28 फेब्रुवारी 2024 रोजी त्याचा वर्धा-कळंब हा टप्पा सुरू झाला. कळंब यवतमाळच्याही अलीकडे आहे.