सिनेमा लक्षात का राहतो? दोन मित्रांचा एक जुना वाद



विंझरमध्ये व्याख्यान आणि विषय सिनेमाचा, हे काहींना जरा विचित्र वाटलं असेल. या रस्त्याने जाणारी माणसं राजगड नाहीतर तोरणा गाठायच्या घाईत असतात. इथे बाहेरचा वक्ता आला की तो इतिहासावर बोलणार, हे आपण धरूनच चालतो. त्यातून आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. पण आज ना गड, ना गीता. आज प्रश्न अगदी साधा आहे. माणूस आयुष्यात शेकडो सिनेमे पाहतो, बहुतेक सगळे विसरतो, आणि चार-दोन काही केल्या जात नाहीत. असं का होतं?

हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. इथल्याच भागात आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेला आमचा एक मित्र आहे. तुम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणता, आम्ही कॉलेजपासून अरेतुरे करतो. आज व्याख्यानापुरतं आम्हीही गुरुजी म्हणू. आम्हा दोघांचा या विषयावरचा वाद कित्येक वर्षं चालू आहे. एकदा आम्ही ठरवलं की नुसतं बोलायचं नाही, तीसेक वर्षांपूर्वी पाहिलेल्या दहा सिनेमांतलं काय आठवतं ते दोघांनी कागदावर लिहून काढायचं. लिहिलं आणि गंमत झाली. गोष्ट जवळजवळ एकाचीही धड आठवेना. नावं चुकलेली, शेवट उलटसुलट. उरलं होतं ते काय? कुणाचं तरी उंबऱ्यावर बसणं, एक आवाज, एक रिकामी खोली. म्हणजे आपण म्हणतो ‘सिनेमा लक्षात आहे’, पण लक्षात सिनेमा नसतोच, त्याचा एखादा तुकडा असतो.

आता तो तुकडाच का राहिला? यावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झालेला आहे, आणि तो सिनेमाला असा चपखल बसतो की आम्हाला दर वेळी नवल वाटतं. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी प्रशस्तपाद नावाचा वैशेषिक दर्शनाचा आचार्य होऊन गेला. त्याचं म्हणणं असं की अनुभव संपतो, पण मागे एक संस्कार ठेवतो. त्या संस्काराला त्याने ‘भावना’ म्हटलं. आपण बोलताना म्हणतो ती भावना नव्हे, हा पारिभाषिक शब्द आहे. ही भावना दोन कामं करते. एक, आठवण करून देते. दुसरं, ओळख पटवते: ‘अरे, हे तर तेच!’ या दुसऱ्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. तो शब्द जरा बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

हा संस्कार पक्का कशाने होतो? प्रशस्तपाद तीन कारणं सांगतो आणि दाखले देतो. पहिलं कारण, अनुभवच झणझणीत असणं. दाखला काय, तर दक्षिणेकडच्या माणसाने पहिल्यांदा उंट पाहिला! दुसरं कारण अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, जसं विद्या, कला, व्यायाम. तिसऱ्याला तो ‘आदर’ म्हणतो. हा आदर म्हणजे नमस्कार करणं नव्हे. कधी न पाहिलेलं काही पाहायचं म्हणून माणूस प्रयत्नाने मन डोळ्यांत आणून ठेवतो आणि पाहतो, ते पाहणं म्हणजे आदर. दाखला आहे देवांच्या सरोवरातल्या सोन्याचांदीच्या कमळांचा.

गुरुजींनी हे ऐकलं आणि पहिल्याच फटक्यात उंटाची बाजू घेतली. म्हणाले, “अरे प्रोफेसर, जत्रेत तंबूत पहिला सिनेमा पाहिला तेव्हा आमचा उंटच झाला होता. जमिनीवर बसलो होतो, मध्ये दोरी बांधलेली, पलीकडे बायका. रीळ बदलायला थांबले की सगळा तंबू ओरडायचा. तो सिनेमा मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

आम्ही विचारलं, “नाव काय रे त्याचं?”

ते त्यांना सांगता आलं नाही. (हशा)

हसू नका, मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यांच्या लक्षात तंबू राहिला, सिनेमा नाही. उंटाची अडचण अशी की दुसऱ्यांदा दिसला की तो फक्त उंट असतो. याचा उत्तम पुरावा ‘संत तुकाराम’ या एकाच सिनेमात मिळतो. १९३६ साली पुण्यात प्रभात कंपनीने तो काढला. तोही दोन मित्रांनीच दिग्दर्शित केला: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत. दोघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली एकत्र तयार झालेले. एकाचा हातखंडा यंत्रात आणि ध्वनीत, दुसऱ्याचा कलादिग्दर्शनात. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो सिनेमा सत्तावन्न आठवडे चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात शेवटी वैकुंठाचं विमान येतं. त्या काळच्या प्रेक्षकाला तो उंट होता, यात शंका नाही. आज शाळेतलं पोर ते पाहून म्हणतं, “हे तर मोबाईलवरसुद्धा होतं.”

आणि तरी तो सिनेमा आज पाहिलात तर एक गोष्ट हलत नाही. ती म्हणजे गौरीबाईंनी केलेली जिजाई. नवरा अभंगात बुडालेला, घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ही बाई त्या पोराला ओढत देवळात नेते आणि थेट पांडुरंगावर पायताण उगारते. तिथे चमत्कार दिसायच्या आधी एक आई दिसते. शेवटी विमान वर जातं आणि जिजाई खाली राहते. नव्वद वर्षांत विमान जुनं झालं. खाली राहिलेली बाई काही जुनी झाली नाही.

अभ्यासाबद्दल फार बोलत नाही. ‘शोले’ १९७५ चा. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, गल्लोगल्ली वाजल्या. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर किती वेळा लागला याची गणती नाही, आणि घराचा पत्ता विचारणारा त्यातला संवाद लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. आम्हालाही तो आवडतो. पण पाठ असणं निराळं. पाढेसुद्धा पाठ असतात.

मग उरतो आदर. इथे आम्ही गुरुजींसमोर आमचं हुकमाचं पान टाकलं: ‘श्वास’. संदीप सावंत यांचा, २००४ साली आला. कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे येतो. पोराच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि ती झाली की दृष्टी कायमची जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा पोराला कुणाला न सांगता रुग्णालयाबाहेर घेऊन जातो, शहर दाखवायला. बस्स, एवढंच. त्या फेरफटक्यात जे दिसतं ते आपण रोज पाहतो. रस्ता, माणसं, गंमतजंमत. पण हे पोर हे शेवटचं पाहतंय, एवढं कळल्याबरोबर आपण स्वतःही मन डोळ्यांत आणून ठेवतो. सिनेमात एकही उंट नाही आणि तरी साधा रस्ता देवांच्या सरोवरासारखा दिसायला लागतो. प्रशस्तपादाच्या व्याख्येवर कुणी सिनेमा काढायचा म्हटला असता तर याहून नेमका निघाला नसता. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं हा निव्वळ योगायोग, पण आम्ही तो वर्गात सांगितल्याशिवाय कधी राहिलो नाही.

आम्हाला वाटलं, वाद जिंकला. गुरुजी गप्प बसले. मग म्हणाले, “मी ‘श्वास’ पाहून रडलो. बाहेर आलो, चहा प्यालो, बरं वाटलं. मनातलं मळभ गेल्यासारखं झालं. पण ‘फँड्री’ पाहिल्यावर मला बरं वाटलं नाही. आजपर्यंत वाटलेलं नाही.”

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ चा. कैकाडी कुटुंबातल्या जब्या नावाच्या मुलाची गोष्ट. शाळेजवळ घरातली सगळी डुकरं धरायला धावताहेत, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मग घरचेही उभे राहतात, आणि डुक्कर निवांत निघून जातं. शेवटी गावची टवाळ पोरं चिडवत राहतात तेव्हा जब्या दगड उचलतो. तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे येतो आणि सिनेमा संपतो.

गुरुजी म्हणाले, “माझ्या वर्गात एक मुलगा होता. कायम दाराशी बसायचा. कुणी बसवलं नव्हतं, आपणहून. मला ते दिसायचं, पण त्यात काही बघण्यासारखं आहे असं कधी वाटलं नाही. सिनेमा संपला आणि तो पोरगा डोळ्यांसमोर उभा राहिला. चेहरा लख्ख आठवला, नाव काही केल्या आठवेना.” ते दुसऱ्या दिवशी जुन्या शाळेत गेले. हजेरीपत्रकं वाळवीने खाल्लेली. नाव मिळालं नाही.

मघाशी बाजूला ठेवलेला शब्द आता उचला. प्रत्यभिज्ञा, ओळख पटणं. गुरुजींचं म्हणणं असं की सिनेमा आठवतो की नाही ही कसोटीच चुकीची आहे. पडद्यावर पाहिलेलं काहीतरी बाहेर भेटतं आणि आपण दचकून म्हणतो ‘हे तेच’, तिथे सिनेमाची खरी परीक्षा होते.

आमची यावर एक शास्त्रीय हरकत आहे आणि ती आम्ही अजून सोडलेली नाही. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. तो सांगतो, रस अनुभवायचा तर काही विघ्नं दूर व्हायला हवीत, अशी सात आहेत. त्यातलं एक असं: समोरचं दुःख ‘हे माझंच’ किंवा ‘हे त्या अमक्याचंच’ असं वाटत राहणं. ते माझंही नाही, परक्याचंही नाही, अशा ठिकाणी गेलं की त्या दुःखाचा करुणरस होतो. म्हणून ‘श्वास’ पाहून रडल्यावर बरं वाटतं. आमच्या मते ही कलेची कमाई आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. जब्याचा दगड मात्र हे विघ्न मुद्दाम परत आणतो. प्रेक्षकाला ‘तू’ म्हणून वेगळा काढतो. त्याने रस मोडतो.

गुरुजींचं उत्तर एका वाक्याचं होतं. “मोडू दे की, मोडलेलं हाडच पावसाळ्यात दुखतं ना?”

याला काय म्हणायचं? तुमच्याकडे लावणीच्या दिवसांत जो पाऊस असतो त्यात हा दाखला आम्हाला खोडता आला नाही. पण एवढं म्हणतो की जिजाई कुणालाही दगड मारत नाही आणि तरी ती राहते. म्हणजे प्रत्येक वेळी जखमच हवी असं नाही. मात्र ‘तुकाराम’मध्येसुद्धा दामले-फत्तेलालांनी एक हिशोब मिटवलेला नाही. नवरा वैकुंठाला गेला, तिचं काय? सिनेमा ते सांगत बसत नाही. तिथे आमची दोघांची वाट थोडी एकत्र येते.

आता शेवटचा दाखला, आणि तो तुमच्या भागाला जवळचा आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि त्या शेतकऱ्याला शहरात गिरणी कामगार व्हावं लागतं. त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. हा मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ मध्ये पेंटरांनी तीच कथा पुन्हा बोलपट म्हणून केली. जे. बी. एच. वाडिया म्हणजे स्वतः स्टंटपटांचे बादशहा, उंट दाखवण्यात हयात गेलेला माणूस! त्यांनी पुढे आठवण लिहिली, ती कशाची? अंधुक उजेडात लांबून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. ते आठवलं की आपली समाधी लागते, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

हे आम्ही गुरुजींना एकदा चालता चालता सांगितलं. मावळातली किती माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत गेली, आता पुण्याला जातात, हे इथे सांगायला नको. पुढे एका वाडीत आम्ही गेलो होतो. सात-आठ घरं, निम्म्यांना कुलूप. एका कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर कुत्रं बसलं होतं. गुरुजी थांबले. म्हणाले, “ही बघ तुझी झोपडी.”

त्यांनी तो सिनेमा पाहिलेला नाही. मूकपटही नाही, बोलपटही नाही. फक्त आमच्या तोंडून ऐकलेला. दर्शनाच्या हिशोबाने ओळख पटायला आधी अनुभव लागतो. आम्ही म्हणतो, याला प्रत्यभिज्ञा म्हणता येणार नाही, फार तर कल्पना म्हणा. ते म्हणतात, प्रशस्तपाद पाहिलेल्याबरोबर ऐकलेलंही मोजतो, तुझाच ग्रंथ उघडून बघ. ग्रंथ उघडला. तिथे तसं आहे खरं, पण ऐकलेला सिनेमा हा ‘ऐकलेलं’ धरायचा की नाही, यावर आम्ही अजून भांडतो आहोत.

गुरुजी आज दुसऱ्या रांगेत बसलेत. प्रश्नोत्तरांत आधी त्यांनाच उठवा.