सत्तूर नव्हे, सुरीच!

चिनी सुरी पहिल्यांदा पाहिली की खाटकाचा सत्तूरच आठवतो. वीतभर लांब, चांगले चार बोटे रुंद असे चौकोनी पाते. यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही चार वर्षे हाँगकाँगला होतो. तिथे शांघाय स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर स्वयंपाकघरातल्या सामानाची दुकाने आहेत. तिथून मी ही सुरी आणली आणि तिसऱ्याच दिवशी तिने नारळ फोडला. एवढे रुंद पाते आहे, म्हणजे फोडाफोडीसाठीच असणार, हा माझा हिशेब! नारळ फुटला, पण धारेला चंद्रकोरीसारखी खाच पडली. शेजारच्या आजींना दाखवली तेव्हा त्या आधी हसल्या, मग टोपलीतली कोबीची पाने उचलून म्हणाल्या, ही सुरी याच्यासाठी.

तिचे नावच तसे आहे. 'त्सायदाओ' म्हणजे भाजीची सुरी. पाते रुंद असले तरी पाठीकडे ते जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते आणि धारेकडे पातळ होत जाते. वजन साधारण तीनशे-चारशे ग्रॅम. हाडे तोडायची सुरी वेगळी. ती दिसायला हिची बहीण, पण चांगली जाड आणि वजनाला दुपटीच्या घरात. या दोघींच्या मधली एक असते, तिला 'वन-वू' म्हणतात. 'वन' म्हणजे विद्या आणि 'वू' म्हणजे युद्ध. पुढचा भाग चिरण्यासाठी पातळ, मुठीकडचा भाग कोंबडीची हाडे तोडण्यापुरता दणकट. एकीत दोन कामे होतात म्हणून मोह पडतो, पण घरी मुख्यतः भाज्या, मासे आणि बिनहाडाचे मांस चिरायचे असेल, तर मी पातळच घ्या म्हणेन. जड सुरीने मनगट भरून येते आणि थकलेल्या हातातली सुरीच बोट कापते.

मग पाते एवढे रुंद का? चिनी माणूस काड्यांनी जेवतो, ताटाशी सुरी नसते. त्यामुळे सगळे घासाएवढे चिरायचे ते स्वयंपाकघरातच. शिवाय मोठ्या आचेवर दोन-चार मिनिटांत परतायचे, म्हणजे तुकडे सारखे हवेत. नाहीतर एक कच्चा आणि दुसरा करपलेला. रुंद पात्याला डाव्या हाताच्या बोटांची पेरे टेकवता येतात आणि पाते त्यांच्या आधाराने सरळ खाली उतरते. चिरलेले त्याच पात्यावर घेऊन थेट कढईत टाकायचे. आडव्या पात्याखाली आले-लसूण चेचायचे. मुठीच्या टोकाने वाटीत मिरे कुटणारेही मी पाहिले आहेत.

लसणावरून आठवले. २०२२ च्या जुलैत चीनमध्ये मोठा गहजब झाला होता. एका जुन्या, नामांकित कंपनीची सुरी ग्वांगझौच्या एका ग्राहकाने लसणावर आपटली आणि पाते मोडले. ही सुरी लसूण चेचण्यासाठी नाही, असे कंपनीकडून उत्तर आले आणि लोक खवळले. तिकडे हे रोजचेच काम! पोलाद जितके कडक तितकी धार जास्त टिकते, पण तितके ते ठिसूळही होते. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारा. आणि लसणावर सुरी आपटू नका. पाते आडवे ठेवून, धार आपल्यापासून दूर करून, तळहाताच्या टाचेने दाबा.

साध्या पोलादाची सुरी निसण्यावर चटकन धार घेते, पण कैरी, लिंबू, टोमॅटो चिरला की काळी पडते आणि ओली राहिली तर गंजते. आपल्या आंबट स्वयंपाकाला स्टेनलेस स्टीलची बरी. पाते १८ ते २० सेंटिमीटरचे पुरे. दुकानात हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

मूठ घट्ट आवळून सुरी धरली की ती डुलते. अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांच्या चिमटीत मुठीलगतचे पाते धरा, उरलेली तीन बोटे मुठीवर. आता आपल्या विळीच्या सवयीबद्दल सांगते, कारण धोका तिथेच आहे. विळीवर पाते स्थिर असते आणि आपण भाजी पात्यावर ढकलतो. इथे भाजी स्थिर आणि पाते हलते. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने डावा अंगठा पुढे येतोच! पहिला महिनाभर मी काकडीखेरीज काही चिरले नाही. बोटांची टोके मांजराच्या पंजासारखी आत वळवायची, अंगठा त्यांच्या मागे लपवायचा आणि धार पेरांच्या वर कधी उचलायची नाही. पाते जवळजवळ सरळ असते, म्हणून डोलवत चिरू नका. किंचित पुढे सरकवत खाली दाबा.

खाली लाकडी फळी घ्या, तिच्याखाली ओले फडके. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेवर धार आठवडाभरही टिकणार नाही. फळीवरचे गोळा करताना सुरी उलटी करून पाठीने ओढा.

धारवाल्याच्या फिरत्या चाकावर ही सुरी देऊ नका. पातळ पाते तापते आणि त्याचे पाणी उतरते. घरी ओल्या निसण्यावर घासा. पाते रुंद असल्यामुळे पाठ दगडापासून साधारण दोन सेंटिमीटर उंच धरावी लागते. मधल्या दिवसांत आजी चिनी मातीचा वाडगा पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर चार हात फिरवायच्या. माझ्या सुरीची खाच काढायला मात्र त्यांना निसण्यावर दोन दुपारी लागल्या. ती सुरी अजून माझ्या ओट्यावर आहे, पाते थोडे अरुंद झाले आहे एवढेच. नारळाला कोयता वेगळा ठेवला आहे.