उभ्या गाड्यांचा क्लाउड, आणि सहा वाजता काय होतं?

तुम्ही सध्या पीएच.डी.साठी विषय शोधत असाल, तर ‘व्हेइक्युलर क्लाउड’ हा शब्द कुठेतरी नक्की दिसला असेल. माझं कामही त्याच भागातलं आहे. आज हा विषय समजावून सांगते, आणि पहिल्या वर्षी मी त्यात काय चूक केली तेही सांगते. ती चूक कळली की अर्धा विषय कळतो.

मूळ कल्पना काय आहे?

आजकालच्या गाडीत बरंच मोठं कॉम्प्युटर बसलेलं असतं. उदाहरणार्थ, टेस्लाने 2019 मध्ये गाडीत बसवायला सुरुवात केलेलं कॉम्प्युटर सेकंदाला 144 लाख कोटी आकडेमोडी करू शकतं, असं कंपनीने सांगितलं होतं. आणि गाडी दिवसातला बहुतेक वेळ काय करते? उभी असते. मग ही पडून असलेली ताकद गोळा करून क्लाउडसारखी वापरता येईल का?

रिकाम्या मशीनवर काम करून घ्यायची कल्पना तशी जुनी आहे. 1999 मध्ये बर्कलीहून सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ प्रकल्पाने लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर रेडिओ सिग्नल तपासून घेतले होते. गाड्यांच्या बाबतीत 2011-12 च्या सुमारास स्टीफन ओलारिउ आणि मारियो गेर्ला यांच्या पेपरमधून हा विषय पुढे आला. ओलारिउ आणि सहकाऱ्यांनी तर विमानतळाच्या पार्किंगलाच डेटा सेंटर मानलं. लोक गाडी लावून काही दिवस गावाला जातात, तेवढा वेळ त्या गाड्यांकडून काम करून घ्यायचं.

आधी विजेचा हिशोब

असा पेपर वाचताना पहिल्यांदा हा हिशोब करून बघा. समजा कॉम्प्युटर 100 वॅट खातं आणि गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये 9 तास उभी आहे. म्हणजे 0.9 युनिट. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी 30 युनिटची असेल, तर त्यातले 3 टक्के गेले. चालण्यासारखं आहे. पण पेट्रोल गाडीची बॅटरी 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासांची धरली, तर तिच्यात सगळे मिळून 480 वॅट-तास. पाच तासही पुरणार नाहीत, आणि संध्याकाळी मालकाला धक्का मारायला माणसं शोधावी लागतील! म्हणून गाडी इलेक्ट्रिक आहे की नाही, ती चार्जरला जोडलेली आहे का, विजेचे पैसे कोण देणार, हे लेखकाने कुठे लिहिलंय का ते आधी शोधायचं.

खरा प्रश्न: गाडी निघून जाते

नेहमीच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर क्वचित बंद पडतो. इथे तो रोज स्वतःच्या चाकांवर निघून जातो. काम अर्धवट राहिलं तर काय? याला साधारण तीन उपाय आहेत.

पहिला, एकच काम दोन-तीन गाड्यांना द्यायचं. काम संपण्याआधी गाडी निघून जाण्याची शक्यता 0.2 धरा. दोन्ही गाड्या जाण्याची शक्यता 0.04, तिन्ही जाण्याची 0.008. म्हणजे तीन प्रतींवर 99.2 टक्के खात्री.

दुसरा, थोड्या थोड्या वेळाने झालेलं काम साठवून ठेवायचं. किती वेळाने, यासाठी जॉन यंग यांचं 1974 चं सूत्र अजूनही वापरतात: साठवायला लागणारा वेळ गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी वेळ गुणिले 2, आणि त्याचं वर्गमूळ. साठवायला 1 मिनिट आणि गाडी सरासरी 120 मिनिटं थांबत असेल, तर 240 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण दर साडेपंधरा मिनिटांनी.

तिसरा, गाडी निघताना काम दुसऱ्या गाडीत हलवायचं.

माझी चूक

पहिल्या वर्षी मी हे तिन्ही उपाय घालून ऑफिसच्या पार्किंगचं सिम्युलेशन लिहिलं. गाडी किती वेळ थांबेल यासाठी एक्सपोनेन्शियल डिस्ट्रिब्युशन घेतलं, कारण गणित सोपं होतं आणि बरेच जण तेच घेतात. ग्राफ इतके सुंदर आले की मी पेपरचा मसुदाही लिहायला घेतला.

सरांनी ग्राफ बघितले आणि एकच विचारलं, “अगं, सहा वाजता काय होतं?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि पोटात गोळा आला. सहा वाजता ऑफिस सुटतं!

माझ्या मॉडेलमध्ये प्रत्येक गाडी आपल्या मर्जीने, एकटी निघत होती. खानावळीत जसं एक उठतो, दुसरा बसतो, तसं. ऑफिसचं पार्किंग ही खानावळ नाही, पंगत आहे. सगळे एकदम बसतात आणि एकदम उठतात. त्यामुळे 0.2 चा घन करून आलेल्या 0.008 ला काही अर्थ राहत नाही, कारण तो गुणाकार घटना स्वतंत्र असतील तरच चालतो. तिन्ही प्रती एकाच शिफ्टच्या गाड्यांत असतील, तर तिन्ही एकत्र जाणार. यंग यांच्या सूत्रामागेही बिघाड वाटेल तेव्हा, सारख्याच दराने होतात हेच गृहीतक आहे.

काम हलवण्याचा हिशोब तर आणखी वाईट निघाला. एका कामाचा पसारा 2 गिगाबाइट, म्हणजे 16,000 मेगाबिट. वायफाय 100 मेगाबिटचं धरलं तर 160 सेकंद. एका गाडीसाठी ठीक आहे. पण 50 गाड्या एकाच वेळी, एकाच वायफायवरून काम हलवायला लागल्या, तर 8,000 सेकंद: सव्वादोन तासांच्या आसपास. तोपर्यंत मालक घरी जेवायला बसलेला असेल. आणि काम हलवायचं तरी कुठे? शेजारची गाडीही निघालेलीच आहे.

गंमत म्हणजे विमानतळाचा तो पेपर मी कितीतरी आधी वाचला होता. पार्किंगमधल्या गाड्यांची संख्या वेळेनुसार बदलते, हे त्याच्या शीर्षकातच आहे. मी शीर्षक वाचलं आणि पुढे गेले.

मग काय केलं?

सिम्युलेशन नव्याने लिहिलं. गाड्यांच्या येण्या-जाण्याचा दर घड्याळाला बांधला. चार वाजल्यानंतर दोन तासांचं काम घ्यायचंच नाही, छोटी कामं घ्यायची. प्रती वेगवेगळ्या शिफ्टच्या गाड्यांत ठेवायच्या. काम साठवायचं ते गाडीत नाही, इमारतीतल्या एका साध्या सर्व्हरवर, आणि तेही गर्दी व्हायच्या आधी. ग्राफ पहिल्याइतके देखणे आले नाहीत. पण या वेळी सर म्हणाले, “आता लिही.”

सुरक्षितता हा वेगळाच मोठा प्रश्न आहे. अनोळखी गाडीने दिलेलं उत्तर खरं कशावरून, आणि आपला डेटा तिच्यात राहून गेला तर? त्यावर पुन्हा कधीतरी.

तुम्ही हे पेपर वाचाल तेव्हा

तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. गाडी किती वेळ थांबते हे कशावरून धरलंय: खऱ्या नोंदींवरून की सोयीच्या सूत्रावरून? गाड्या एकेकट्या जातात की एकत्र? आणि तुलना कशाशी केली आहे? त्याच पार्किंगमध्ये एक नेहमीचा सर्व्हर आणून ठेवला असता तर काम स्वस्तात झालं असतं का, हा प्रश्न लेखकाने टाळला असेल तर तो तुम्ही विचारा. मला अजून त्याचं पूर्ण उत्तर देता आलेलं नाही. थीसिसचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच आहे.

आणि तुमचा विषय गाड्यांचा नसला तरी एवढं करा. ग्राफ फारच सुंदर आला, तर कुणी विचारायच्या आधी स्वतःलाच विचारा: माझ्या मॉडेलमध्ये सहा कधी वाजतात?