मुंबईहून न्यूयॉर्क : विमान नक्की किती तासांनी उतरतं?

आपल्या गटांतल्या काही घरांतली मुलं आता शिकायला, नोकरीला अमेरिकेत जाऊ लागली आहेत. एका ताईंनी लेकीचं तिकीट पाहिलं. मुंबईहून रात्री दीडला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी सातला पोहोचणार. साडेपाच तासांचाच तर प्रवास, असा त्यांनी हिशोब केला. सातला फोन लावला तर बंद. दुपार टळली तरी घरात कुणाला घास गोड लागेना.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे चालतं. म्हणजे तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार. प्रवास झाला १५ तासांचा! परतीला उलटी गंमत. तिथून सकाळी अकराला निघालेलं विमान इथे दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उतरलं, तर कागदावर २४ तास दिसतात, पण मुलगी विमानात असते साडेचौदा तासच.

अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. मुंबई-नागपूर रस्ता एकामागे एक पंधरा वेळा तुडवावा, तेवढं. नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसतं, पण पृथ्वी गोल. चेंडूवर दोन टाचण्या टोचून दोरा ताणून बघा. सर्वांत जवळची वाट उत्तरेकडून, आइसलँड बेटाजवळून जाते. विमानं शक्यतो तिच्या आसपास राहतात. मात्र एखाद्या देशाने आपलं आकाश बंद केलं की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या कितीतरी फेऱ्या लांबल्या.

येताना वेळ कमी का लागतो? पृथ्वी फिरते म्हणून, असं पुष्कळजणी सांगतात. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. धावत्या एसटीत उडी मारली तर आपण मागच्या सीटवर जाऊन पडतो का? कारण वाऱ्याचं आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर.

विमान मध्येच दुबई किंवा दोहाला बदलायचं असेल, तर सगळा प्रवास वीस तासांच्या पुढेही सहज जातो. उतरल्यावरही पासपोर्टच्या रांगेत तास-दोन तास मोडतात, तेवढा वेळ फोन आला नाही तरी घाबरू नका. निघण्याआधी मुलीकडून तिकिटावरचा विमानाचा नंबर मात्र लिहून घ्या. मोबाईलवर तो टाकला की विमान सुटलं का, उतरलं का, ते कळतं.

आणि रोजच्या फोनसाठी: आपले रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेनऊ धरायचे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून पुन्हा साडेदहा.