सदनिकेचा दर आणि विजेचे बिल

मेहकर तालुक्यातील डोणगावाहून पुण्यास स्थायिक होऊ पाहणारा शिक्षक वा कारकून सदनिकेचा चौरस फुटाचा दर विचारतो. पश्चिमेची भिंत किती जाड, हे विचारीत नाही. वस्तुतः वऱ्हाडातील धाब्याच्या घरांत मातीची जाड भिंत दुपारचे ऊन थोपवून धरते, हे त्याने लहानपणापासून अनुभवलेले असते. भिंत पातळ ठेवल्याने पैसा वाचतो तो बिल्डरचा. कूलरचे बिल मात्र गृहकर्जाच्या हप्त्यांसोबत खरेदीदारास भरावे लागते. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया जाहीर करणे बंधनकारक केले. भिंती-खिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेसाठी 2018 च्या इको निवास संहितेने चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा ठरविली. पण जाहिरातीत पोहण्याचा तलाव झळकतो, हा आकडा क्वचितच!

‘आपल्यातलेच’ शेजारी शोधण्याचा सोसही असाच महाग पडतो. त्यापायी चांगल्या बांधणीची घरे नाकारली जातात. गच्ची तर साऱ्यांचीच सामाईक. 2024 च्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान ठरले. त्यासाठी ठराव हवा, आणि त्यावर हात वर करणारे निरनिराळ्या प्रांतांचे व धर्मांचे सभासदच असणार.